निर्गुडीच्या अर्काचं जेल: अर्क घातला की कार्बोपॉल पातळ होतं, उपाय काय?

बीफार्म_शेवटचं_वर्ष

नमस्कार. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आमचा गट निर्गुडीच्या पानांच्या अर्काचं, सुजेवर लावायचं जेल करतोय. सध्याची पद्धत अशी: सावलीत वाळवलेल्या पानांची भरड, ७०% इथेनॉलमध्ये १:१० प्रमाणात ७२ तास भिजवून गाळणे, मग वॉटर बाथवर आटवणे. अर्क घट्ट, चिकट, काळपट हिरवा मिळतो.

१०० ग्रॅम जेलसाठी कार्बोपॉल ९४० (पाणी घट्ट करणारा पॉलिमर) १ ग्रॅम, अर्क ५ ग्रॅम, प्रोपिलीन ग्लायकॉल ५ ग्रॅम, मिथाइल पॅराबेन ०.२ ग्रॅम, प्रोपाइल पॅराबेन ०.०२ ग्रॅम, ट्रायइथेनॉलअमाइन (आम्ल शमवणारं अल्कधर्मी द्रव्य) लागेल तसं आणि बाकी पाणी.

अडचणी:
१) नुसता बेस सुंदर, पारदर्शक आणि घट्ट होतो. अर्क घातला की सरबतासारखा वाहतो.
२) अर्क आधी डिस्पर्शनमध्ये (पाण्यात भिजवलेल्या कार्बोपॉलमध्ये) मिसळला आणि मग ट्रायइथेनॉलअमाइनने न्यूट्रलाइज केलं, तर हिरवा रंग जाऊन मातकट होतो.
३) बोटावर चोळलं की बारीक खरखर लागते.
४) सूज कमी करण्याचा गुण दाखवायला अंड्याच्या अल्ब्युमिनची टेस्ट पुरेल का? प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी अजून नाही.

कार्बोपॉल २% करून बघा असा सल्ला मिळालाय. तो बरोबर आहे का?

---

खलबत्ता

कार्बोपॉल २% करू नका. बेस रबरासारखा होईल, त्वचेवर चोळताना त्याच्या वळ्या निघतील, आणि पातळ होण्याचं मूळ कारण तसंच राहील.

आधी कार्बोपॉल घट्ट का होतं ते बघा. त्याच्या साखळीवर कार्बोक्झिलिक आम्लाचे गट असतात. ट्रायइथेनॉलअमाइन घातलं की ते आयनित होतात, सगळ्यांवर ऋण भार येतो, ते एकमेकांना ढकलतात आणि गुंडाळलेली साखळी उलगडून फुगते. जेल म्हणजे हा फुगवटा. त्यात पोटॅशियम, सोडियमचे आयन शिरले की ते या ऋण भारांभोवती जमतात, ढकलाढकल मंदावते आणि साखळी पुन्हा आखडते. कॅल्शियम, मॅग्नेशियम तर दोन साखळ्या एकत्र बांधून ठेवतात, म्हणून ते आणखी वाईट. पानांमध्ये पोटॅशियम भरपूर असतं आणि ७०% इथेनॉलमधलं ३०% पाणी ते अर्कात आणतं. तुम्ही ५% अर्क घालता म्हणजे त्याबरोबर चिमूटभर मीठच घालता.

दुसरं कारण पीएच असू शकतं. अर्कात सेंद्रिय आम्लं आणि फिनॉलिक संयुगं असतात, ती पीएच खाली ओढतात. दोन्हींचा परिणाम दिसायला सारखाच, पण उपाय वेगळे. म्हणून हे आधी वेगळं करा.

नुसत्या बेसचा पीएच आणि व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) घ्या. अर्क घालून पुन्हा घ्या. पीएच ४.५ च्या आसपास उतरला असेल, तर ट्रायइथेनॉलअमाइनचे थेंब घालून ६ वर आणा. घट्टपणा परत आला तर दोष आम्लाचा होता. पीएच ६ च्या वर असूनही जेल वाहत असेल तर दोष क्षारांचा, आणि मग कितीही ट्रायइथेनॉलअमाइन ओतलं तरी उपयोग नाही. उलट अर्कातल्या आम्लांशी त्याचे आणखी क्षार तयार होतात.

प्रमाणाचा अंदाज: १ ग्रॅम कार्बोपॉल ९४० ला पीएच ७ पर्यंत न्यायला साधारण दीड ग्रॅम ट्रायइथेनॉलअमाइन लागतं. त्याच्या बरंच पुढे गेलात तर समजा की तुम्ही अर्क न्यूट्रलाइज करताय, पॉलिमर नाही. लक्ष्य ५.५ ते ६.५ ठेवा. त्वचेला तेच सोसतं, पॅराबेन तिथे नीट काम करतात, आणि पीएच वाढला की फ्लेव्होनॉइड हवेने लवकर काळवंडतात.

आणखी एक तपासा. कॉलेजच्या स्टोअरमध्ये बरेचदा 'सोडियम मिथाइल पॅराबेन' असतं, कारण ते पाण्यात सहज विरघळतं. ते सोडियमही आणतं आणि पीएचही चढवतं. डब्यावरचं पूर्ण नाव वाचा. साधे पॅराबेन असतील तर ते प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये ६० अंशांवर आधी विरघळवा. नळाचं पाणी वापरत असाल तर आजच बंद करा, शुद्ध पाणी घ्या.

---

पानं_ओळखा

जेलच्या आधी अर्काकडे या. या प्रोजेक्टचं यश निम्म्याहून जास्त तिथेच ठरतं.

पानं कुठून आणली? बाजारातलं चूर्ण असेल तर सोडून द्या. फुलांसकट फांदी दाबून वाळवा, हर्बेरियम शीट करा आणि ओळखपत्र घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, दोन्हीकडे हे काम होतं. व्हायटेक्स ट्रायफोलिया ही जवळची जात बागांमधून आणि किनाऱ्याकडे लावलेली असते. निर्गुडीला बहुधा पाच, कधी तीन, लांबट टोकदार पर्णिका आणि पानाच्या पाठीवर पांढुरकी लव असते. वाळल्यावर ओळखणं अवघड, म्हणून ताज्या फांदीवरच ठरवा.

वाळवणं: कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात सावलीत वाळवलेल्या पानांना आतून बुरशी धरते. थर बोटभरापेक्षा जाड नको, रोज उलटायचा. नाहीतर ट्रे ड्रायरमध्ये ४० ते ४५ अंश. देठाजवळची शीर वाकवल्यावर कटकन मोडली की झालं. ओलावा १०% च्या खाली आल्याशिवाय दळू नका. चूर्ण ४० नंबरच्या चाळणीतून. अगदी मैद्यासारखं केलंत तर गाळताना फिल्टर पेपर तुंबतो.

वॉटर बाथवर उघड्या भांड्यात आटवू नका. तासन्‌तास ९० अंशांवर हवा लागली की फिनॉलिक संयुगं तपकिरी पडतात. रोटरी व्हॅक्यूम बाष्पकावर ५० अंशांच्या आत उतरवा, शेवटचा ओलावा व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये काढा. तुमची थोडी खरखर या जळकट राळेचीही असणार.

लोखंडी चमचा, उलथणं किंवा गंजका पळा अर्काला लावू नका. फिनॉलिक संयुगं लोखंडाशी मिळून निळसर काळा रंग धरतात आणि सगळी बॅच डागाळते. काच, चांगलं स्टेनलेस किंवा प्लॅस्टिक चालेल.

आणि प्रत्येक बॅचच्या अर्काची नोंद हवीच: किती ग्रॅम चूर्णातून किती ग्रॅम अर्क, वाळवताना होणारी घट, अर्काची राख, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड पद्धतीने एकूण फ्लेव्होनॉइड (क्वेर्सेटिन मानक, ४१५ नॅनोमीटर), फोलिन-सिओकाल्टो पद्धतीने एकूण फिनॉल (गॅलिक आम्ल, ७६५ नॅनोमीटर), आणि टीएलसी (पातळ थरावर अर्कातले घटक वेगळे करून बघणं). हे आकडे नसतील तर पुढच्या महिन्यातली बॅच आधीच्या बॅचसारखीच आहे हे सांगायला तुमच्याकडे काहीच आधार नाही.

---

बीफार्म_शेवटचं_वर्ष

खलबत्ता सर, तुम्ही सांगितलं तसं मोजलं. अर्क घातल्यावर पीएच ४.६, ट्रायइथेनॉलअमाइनने ६.४ केला. जरा घट्ट झालं, पण बेसच्या जवळपासही नाही. म्हणजे दोष मुख्यतः क्षारांचा. पॅराबेन साधेच आहेत. आता अर्कातले क्षार काढायचे कसे? इथाइल अ‍ॅसिटेट फ्रॅक्शन घेऊ का?

---

खलबत्ता

तीन वाटा आहेत. कुठली घ्यायची हे तुम्ही कोणत्या घटकावर भिस्त ठेवता यावर ठरतं, म्हणून आधी तो निर्णय करा.

निर्गुडीच्या पानात दोन वेगळ्या स्वभावाची संयुगं आहेत. एक, कॅस्टिसिनसारखे मिथॉक्सी गट असलेले फ्लेव्होनॉइड, ते पाण्यात जेमतेम विरघळतात. दोन, अ‍ॅग्नुसाइड आणि नेगुंडोसाइड ही इरिडॉइड ग्लायकोसाइडं, ती पाण्याकडे ओढ असलेली. इथाइल अ‍ॅसिटेटने झटकलंत तर कॅस्टिसिन छान वर येईल, क्षार आणि साखर खाली पाण्यात राहतील, पण इरिडॉइडांचा मोठा वाटाही खालीच राहील. मार्कर (ज्याचं प्रमाण मोजून अर्क ओळखायचा तो घटक) म्हणून अ‍ॅग्नुसाइड लिहिणार असाल तर हा मार्ग तुमच्या विरुद्ध जातो.

पहिली वाट, सगळ्यात स्वस्त: घट्ट अर्काच्या दहापट ९५% इथेनॉल घ्या, ढवळत थोडं थोडं करून अर्क त्यात विरघळवा, रात्रभर ४ अंशांवर ठेवा. तळाशी डिंक, प्रथिनं, बरीचशी साखर आणि क्षार बसतात. वरचं द्रावण निथळून गाळा, आटवा. दोन्ही प्रकारचे घटक बऱ्यापैकी टिकतात. एकदाच केलं तर क्षार पूर्ण जात नाहीत, पण जेल वाहायचं थांबायला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

दुसरी: १० ग्रॅम अर्क १०० मिली पाण्यात मिसळून, १०० मिली इथाइल अ‍ॅसिटेटने तीन वेळा. पानांचे अर्क फार फेसाळतात आणि मध्ये मलईसारखा थर अडकतो. फनेल जोरात हलवू नका, हळू उलटसुलट करा. थर सुटतच नसेल तर चमचाभर मीठ घाला. ते पाण्याच्या थरातच राहतं, वरच्या थराला त्रास नाही. वरचा थर निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात चांगली: एचपी-२० सारखं सच्छिद्र रेझिन. अर्काचं पाण्यातलं गाळलेलं द्रावण कॉलमवर सोडा, रेझिनच्या तीन-चार पट पाण्याने धुवा. क्षार आणि साखर निघून जातात. मग ७०% इथेनॉलने उतरवा. इरिडॉइड आणि फ्लेव्होनॉइड दोन्ही मिळतात. धुतलेल्या पाण्याची वाहकता मोजत राहा, ती शुद्ध पाण्याच्या जवळ आली की थांबा. रेझिन महाग वाटलं तरी धुऊन पुन्हा वापरता येतं. कॅस्टिसिन पाण्यात नीट विरघळत नसल्यामुळे ते गाळताना कागदावर राहू शकतं. कागदावरचा गाळ टीएलसीवर लावून बघा.

कुठलीही वाट घ्या, आधीच्या आणि नंतरच्या अर्काची राख काढा. काम किती झालं ते तोच आकडा सांगेल.

शुद्ध केलेला अर्क ५% घालायची गरज उरत नाही. १, २ आणि ३% अशा तीन पातळ्या करा. या सूत्राने सुरुवात करा, १०० ग्रॅमसाठी: कार्बोपॉल ९४० ०.७५ ग्रॅम, अर्क २ ग्रॅम, प्रोपिलीन ग्लायकॉल १० ग्रॅम, इथेनॉल १० ग्रॅम, मिथाइल पॅराबेन ०.१८ आणि प्रोपाइल पॅराबेन ०.०२ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारं) ०.०५ ग्रॅम, ट्रायइथेनॉलअमाइन पीएच ६ येईपर्यंत, बाकी शुद्ध पाणी.

क्रम महत्त्वाचा आहे. ६० ग्रॅम पाण्यात ईडीटीए विरघळवा. स्टररने भोवरा करा आणि कार्बोपॉल भोवऱ्याच्या कडेवर चाळणीतून भुरभुरवा. एकदम ओतलं की बाहेरून भिजलेल्या, आतून कोरड्या गाठी होतात आणि त्या नंतर काही केल्या फुटत नाहीत. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी द्रावण दुधट, पातळ आणि गाठींशिवाय दिसलं पाहिजे.

दुसऱ्या भांड्यात ग्लायकॉलमध्ये पॅराबेन गरम करून विरघळवा, खोलीच्या तापमानावर आणा, इथेनॉल घाला, त्यात अर्क घोटा. हे द्रावण उजेडासमोर धरा. तळाशी कण दिसले तर १०० नंबरच्या नायलॉन जाळीतून किंवा दुहेरी मलमलीतून गाळा. तुमची खरखर इथे संपते, कारण ५ ग्रॅम ग्लायकॉलमध्ये तेवढा अर्क विरघळणं शक्यच नव्हतं. गाळात घटक वाया जातात असं वाटत असेल तर गाळ वजन करून टीएलसीवर लावा.

आता आधी कार्बोपॉल पीएच ६ ला न्यूट्रलाइज करा, अर्क नंतर. तुमचा रंगाचा प्रश्न इथेच सुटतो: न्यूट्रलाइज न केलेल्या डिस्पर्शनचा पीएच ३ च्या आसपास असतो, त्या आम्लात हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग मातकट होतो. घट्ट जेलमध्ये अर्क मिसळताना जोरात फिरवू नका. हवा अडकते, आणि फार वेगाने ढवळलं तर साखळ्याही तुटतात. रुंद पात्याचा स्टरर, कमी वेग, अर्काचं द्रावण बारीक धारेने. शेवटी पीएच बघा, वजन पुरं करा, रात्रभर ठेवा. बुडबुडे राहिले तर व्हॅक्यूम डेसिकेटर.

न्यूट्रलाइज करायला सोडियम हायड्रॉक्साइड घेऊ नका. इथेनॉल वाढवलंत तर त्याने कार्बोपॉल खाली बसू शकतं, ट्रायइथेनॉलअमाइनला ते जास्त सोसतं.

अर्क शुद्ध करणं जमतच नसेल तर पॉलिमर बदला. एचपीएमसी के४एम (सेल्युलोजपासून केलेला पॉलिमर) ३% घ्या. त्याच्यावर भार नसतो, म्हणून पानातल्या एवढ्या क्षारांना ते जुमानत नाही. एक तृतीयांश पाणी ८० अंशांवर नेऊन त्यात पूड भिजवा, उरलेलं पाणी थंड घाला, रात्रभर फ्रिजमध्ये. जेल कार्बोपॉलइतकं पारदर्शक होत नाही आणि वाळल्यावर त्वचेवर हलका पापुद्रा जाणवतो.

---

प्लेथिस्मोमीटर

चौथ्या प्रश्नाबद्दल. अल्ब्युमिनची टेस्ट प्राथमिक चाळणी म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही. पद्धत: ०.२ मिली अंड्याचा अल्ब्युमिन, २.८ मिली पीएच ६.४ चा फॉस्फेट बफर, २ मिली नमुना, ३७ अंशांवर १५ मिनिटं, ७० अंशांवर ५ मिनिटं, थंड करून ६६० नॅनोमीटरला गढूळपणा. मानक डायक्लोफेनॅक सोडियम.

हिरव्या अर्कात इथे दोन ठिकाणी फसगत होते. हरितद्रव्य ६६० च्या आसपासच प्रकाश शोषतं, म्हणून प्रत्येक तीव्रतेसाठी अल्ब्युमिनशिवाय 'अर्क अधिक बफर' असा वेगळा ब्लँक (तुलनेचा नमुना) लावून तो आकडा वजा करायलाच हवा. आणि टॅनिन स्वतःच प्रथिन साकळवतात, त्यामुळे तीव्रता वाढवल्यावर गुण कमी झाल्यासारखा किंवा उणे दिसू शकतो. सोबत लाल रक्तपेशींच्या आवरणाची स्थिरता बघणारी टेस्ट करा, म्हणजे एकाच पद्धतीवर विसंबावं लागत नाही. त्यासाठी मानवी रक्त घेणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्या.

या टेस्ट अर्कावर होतात, जेलवर नाही. अर्क जेलमधून बाहेर येतो का हे फ्रान्झ सेलवर (वर जेल, मध्ये पडदा, खाली द्रव असलेल्या उपकरणावर) दाखवा. रिसीव्हरमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यात, नुसता ७.४ चा बफर ठेवलात तर कॅस्टिसिन विरघळत नाही आणि 'झिरपतच नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. २० ते ३०% इथेनॉल मिसळा. पडदा सेलोफेन असेल तर त्याला 'रिलीज' म्हणा, 'त्वचेतून शोषण' म्हणू नका. शोषणासाठी डुकराच्या कानाची त्वचा लागेल. आणि नुसत्या बेसचाही सेल लावा, पॅराबेन यूव्हीमध्ये जोरात दिसतात.

प्राण्यांवर करायचं झालं तर उंदराच्या पंजाला कॅरागीननने सूज आणण्याची पद्धत आहे, पण संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी आधी. मंजुरी नसेल तर तो भाग प्रोजेक्टमधून सरळ वगळा, त्याने काम कमी दर्जाचं होत नाही. मंजुरी मिळाली तर गट असे हवेत: नुसता बेस, १% डायक्लोफेनॅक जेल, आणि तुमच्या दोन पातळ्या. १% कॅरागीनन ०.१ मिली तळपायात, मोजमाप ० ते ६ तास. पहिल्या तास-दीड तासातली सूज मुख्यतः हिस्टामिन, सेरोटोनिनची आणि तिसऱ्या तासानंतरची प्रोस्टाग्लँडिनची, म्हणून फक्त एका वेळचा आकडा देऊ नका. घोट्याच्या सांध्यावर शाईची रेघ काढा आणि दर वेळी पंजा तिथपर्यंतच बुडवा. सर्वांत महत्त्वाचं: उंदीर जेल चाटतात. चाटलं की ते तोंडावाटे दिलेलं औषध झालं. ठरलेल्या वेळेपर्यंत मान-कॉलर किंवा हलकी पट्टी, मग पुसून घ्यायचं.

जेलमध्ये मेंथॉल, कापूर किंवा मिथाइल सॅलिसिलेट घालायचा मोह आवरा. मिथाइल सॅलिसिलेट स्वतःच दाहशामक आहे. ते घातलंत तर गुण निर्गुडीचा की त्याचा हे सांगता येणार नाही. घालायचंच असेल तर तेवढंच घातलेल्या, अर्काविना बेसचा गट वेगळा हवा.

---

वैद्य_रत्नागिरी

तुलनेसाठी निर्गुडी तेलाचा एक गट ठेवावा असं सुचवतो. पारंपरिक प्रमाण कल्क (वाटलेला लगदा) १, तीळतेल ४, निर्गुडीचा स्वरस (ताजा रस) १६. मंद आचेवर, कल्काची वात वळता येईल आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडणार नाही इतपत पाक. तेलात उडनशील आणि स्नेहात विरघळणारे घटक उतरतात, तुमच्या हायड्रोअल्कोहोलिक अर्कात वेगळे. जेल तेलापेक्षा कशात सरस आहे, हा प्रश्न परीक्षक नक्की विचारतील.

पुढे परवान्याचा विचार असेल तर आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषधाचा मार्ग औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम ३(ह) खाली येतो आणि नियम १५८-ब नुसार कागदपत्रं लागतात. तिथे अर्क पाण्यात काढला की इतर द्रावकात, यावर सुरक्षेच्या पुराव्याची मागणी बदलते. रेझिनवर शुद्ध केलेला अर्क घेऊन त्या मार्गाने जाण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या आयुर्वेद विभागात विचारून घ्या.

---

बीफार्म_शेवटचं_वर्ष

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही ९५% इथेनॉलची वाट घेतोय, मार्कर अ‍ॅग्नुसाइड. एकच राहिलं: व्हिस्कॉसिटी आणि स्टॅबिलिटी कशी नोंदवायची? जेल सध्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात, खिडकीजवळच्या रॅकवर आहे.

---

खलबत्ता

ते आज तिथून हलवा. उजेडात, विशेषतः धातूंचे अंश असताना, कार्बोपॉलची साखळी तुटते आणि महिन्याभरात तुम्हाला अर्काचा दोष वाटेल असा पातळपणा येतो. ईडीटीए त्यासाठीच आहे, पण तेवढ्यावर सोडू नका. आतून लॅकर असलेली अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब किंवा लॅमी ट्यूब घ्या.

व्हिस्कॉसिटी ब्रुकफील्ड व्हिस्कोमीटरवर २५ अंशांना, दर वेळी तोच स्पिंडल, तोच वेग, तेवढंच थांबून, आणि टॉर्क १० ते १००% च्या आत. त्याबाहेरचा आकडा लिहूच नका. स्पिंडल आणि वेग लिहिल्याशिवाय सेंटिपॉइजच्या आकड्याला काही अर्थ नसतो.

स्टॅबिलिटीसाठी ४० अंश आणि ७५% आर्द्रता, शिवाय खोलीचं तापमान, शिवाय ४ आणि ४५ अंशांमध्ये ४८-४८ तासांच्या सहा फेऱ्या. ०, १, २, ३ महिन्यांना पीएच, व्हिस्कॉसिटी, रंग, पसरण्याची क्षमता आणि अ‍ॅग्नुसाइडचं प्रमाण. प्रत्येक वेळी नुसत्या बेसची ट्यूब सोबत उघडा, म्हणजे बिघाड बेसचा की अर्काचा ते कळेल. सुरुवातीला आणि शेवटी सूक्ष्मजीवांची मोजणी: त्वचेवर लावायच्या उत्पादनात दर ग्रॅमला जिवाणू १०० च्या आत, बुरशी-यीस्ट १० च्या आत, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा अजिबात नकोत. वनस्पतीच्या अर्कात मुळातच जंतूंचा भार जास्त असतो, म्हणून ही मोजणी अर्कावरही करा, जेल बनवण्याच्या आधी.